तुमचे प्रश्न : आईच्या कपाटातला कोर्टाचा कागद

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापूरचीच, जुळे सोलापूरला राहते, सर्टिफिकेटवर माझा जन्म मार्च १९९४ चा आहे. मी दत्तक आहे हे मला नववीत कळलं, चुलत बहिणीशी भांडण झालं तेव्हा ती बोलून गेली. घरी येऊन विचारलं तर आई नुसती रडत बसली, बाबा म्हणाले हो, पण तू आमचीच आहेस, आणि विषय संपला तो संपलाच. बाबा चादरीच्या कारखान्यात हिशेबाला होते, मला कधी काही कमी पडू दिलं नाही, खरंच नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता मला पाचवा महिना चालू आहे आणि दवाखान्यात फॉर्मवर माहेरचे आजार लिहायचे होते, शुगर, बीपी, थॅलेसेमिया वगैरे, मी आईच्या घरातले आजार लिहिले आणि घरी येऊन रडले कारण ते माझे नाहीतच ना. आत्या म्हणते तू किल्लारीच्या भूकंपातली, आईवडील त्यात गेले तुझे. मामा म्हणायचे पंढरपूरहून आणली. आणि लहानपणापासून पूर्व भागात कुठल्या दुकानात गेले की लोक डायरेक्ट तेलुगूत सुरू होतात माझ्याशी, त्यामुळं मी त्यांच्यातली असेन का हेही डोक्यात राहतं. आईच्या कपाटात एक कोर्टाचा कागद आहे, मी तो एकदाच लांबून बघितलाय. विचारलं तर म्हणते आता कशाला उकरून काढतेस, आम्ही काय कमी केलं तुला. फेसबुकवर एक जण म्हणतोय पैसे द्या, दवाखान्यातल्या जुन्या माणसांकडून नाव काढून देतो. मिस्टरांना सगळं माहितीये, ते म्हणतात तुला वाटेल ते कर. काय करू?

उत्तर : पहिलं दवाखान्याचं बघू, कारण त्यालाच तारीख आहे, बाकीचं थांबू शकतं. डॉक्टरांना सरळ सांग की मी दत्तक आहे, मला रक्ताच्या नात्यातली हिस्टरी माहीत नाही, आणि फॉर्मवर जे लिहिलंयस ते बदलून घे. चुकीची माहिती असण्यापेक्षा ‘माहीत नाही’ हे डॉक्टरला जास्त उपयोगाचं असतं, मग ते अंदाजावर न जाता टेस्ट करून घेतात. थॅलेसेमिया म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, त्यासाठी एचबी ए-टू म्हणून रक्ताची टेस्ट असते, सिकलसेल हा तसाच दुसरा आजारही बहुतेक त्यातच कळतो. तुझी नॉर्मल आली तर विषय तिथंच संपला, तू वाहक निघालीस, म्हणजे स्वतःला आजार नाही पण बाळाकडे जाऊ शकतो असं, तर मिस्टरांची करायची, आणि दोघंही वाहक असाल तरच बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही टेस्ट खरं तर सुरुवातीच्या महिन्यांत करतात, त्यामुळं आधी झालीये का ते रिपोर्टमध्ये बघ आणि नसेल तर याच आठवड्यात करून घे. शुगरची ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत सगळ्यांचीच करतात, तुझीही होईल. म्हणजे त्या फॉर्मसाठी तुला बाळंतपणाच्या आत कुणाला शोधून काढायची गरज नाहीये, हे आधी मनातून काढ, कारण ती घाईच तुला त्या फेसबुकवाल्याकडे ढकलतेय असं मला पत्र वाचताना वाटलं.

त्या माणसाला एक रुपया द्यायचा नाही. आपल्याकडे दत्तक गेलेल्या माणसाला स्वतःचं मूळ शोधायचा हक्क नियमात दिलेला आहे, २०२२ च्या दत्तक नियमावलीत तो स्पष्ट लिहिलाय, पण त्याच नियमात असंही आहे की तिसऱ्या माणसाला हा शोध घेता येणार नाही आणि जन्मदात्यांची माहिती कुणी उघड करायची नाही. मग हा माणूस काय आणणार, तर दवाखान्याच्या रजिस्टरमधून चोरून काढलेलं एक नाव, ते खरं की खोटं कोण बघणार? आणि खरं निघालं तर त्याहून वाईट, कारण मग एक अनोळखी माणूस कुणा बाईच्या दारात जाऊन उभा राहणार, ती कदाचित मंगळवेढ्याला असेल, मोहोळला असेल, घरात सून आलेली असेल, तिनं हे कुणाला कधी सांगितलेलं नसेल. तो नंतर तिच्याकडूनही पैसे मागू शकतो. सोलापूर एवढंही मोठं शहर नाहीये की असल्या गोष्टी दाबून राहतील. ग्रुपवर स्वतःचा लहानपणचा फोटो आणि जन्मतारीख टाकून ‘कुणी ओळखतं का’ असं विचारणं पण नको, त्याच कारणासाठी.

आता आत्याची भूकंपाची गोष्ट. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला. तुझा जन्म मार्च १९९४ चा. मग तुला जन्म देणारी बाई त्या पहाटे गेलेली असूच शकत नाही, सहा महिन्यांनी तुझा जन्म झालाय. सापडलेल्या बाळांची जन्मतारीख डॉक्टर अंदाजानं ठरवतात हे खरंय, पण तो अंदाज दिवसांनी, आठवड्यांनी चुकतो, तान्ह्या बाळात सहा महिन्यांनी चुकत नाही. फार तर वडील गेले आणि आई तेव्हा गरोदर होती असं होऊ शकतं, पण तसं कुठल्या कागदावर असेल तरच मानायचं. आत्यावर रागावू नकोस. त्या वर्षी आपल्या शहरात सगळीकडे तोच विषय होता, इथल्या दवाखान्यांत जखमी आणले होते, उमरगा-लोहाऱ्याकडची माणसं नातेवाईक शोधत फिरत होती, आणि अशा वेळी घरात आलेल्या बाळाबद्दल ‘भूकंपातली’ म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात, आई कोण, बाप कोण, लग्नाचं का बिनलग्नाचं, काही कुणी विचारत नाही. तिनं तुझं आणि तुझ्या आईचं लोकांपासून रक्षण केलं असं मी म्हणेन, पण आता तू मोठी आहेस आणि तुला खरं हवंय.

पंढरपूरची गोष्ट जास्त शक्य आहे, पण तिचा अर्थ नीट समजून घे. पंढरपूरला १८७५ पासून बालकाश्रम आहे, लालशंकर उमियाशंकर तिथं न्यायाधीश होते, त्यांच्या पुढाकारानं सुरू झाला आणि प्रार्थना समाजानं चालवला. लांबलांबच्या विधवा वारीच्या, देवदर्शनाच्या निमित्तानं तिथं यायच्या, बाळंत व्हायच्या, कारण तिथं त्यांना ओळखणारं कुणी नसायचं. म्हणून आपल्या भागात दत्तक म्हटलं की पंढरपूरचं नाव सहज तोंडात येत असावं, बाळ कुठून का आणलेलं असेना. आणि समज तू खरंच पंढरपूरहून आलीस, तरी तुझं मूळ पंढरपूरचं असं होत नाही. बाळाला लपून जन्म द्यायचा असतो तेव्हा बाई स्वतःच्या गावातून उठून दुसरीकडे जाते. तेव्हा गावाच्या नावावरून काही ठरवू नकोस.

खरा धागा तो कोर्टाचा कागदच आहे. १९९४ च्या सुमारास संस्थेतून बाळ दत्तक घ्यायचं तर हिंदू कुटुंबासाठी १९५६ चा दत्तक आणि पोटगी कायदा लागायचा, आणि आईवडील माहीत नसलेलं किंवा सोडून दिलेलं बाळ असेल तर त्या कायद्याच्या कलम ९ खाली कोर्टाची आधी परवानगी घ्यावी लागायची. तुझ्या कागदावर बहुतेक तेच असेल. त्यावर काय बघायचं तर अर्जाचा नंबर आणि वर्ष, कुठलं कोर्ट, आणि अर्जदार म्हणून बाबांच्या नावाशिवाय कुठल्या संस्थेचं नाव आहे का. एवढं मिळालं तरी अर्धं काम झालं. मग जिल्हा न्यायालयात नकलेसाठी अर्ज करायचा, निकालाची नक्कल मिळते, आतले बाकीचे कागद इतक्या वर्षांनी शिल्लक असतीलच असं नाही, पण विचारायचं. जर तो कोर्टाचा हुकूम नसून रजिस्टर केलेलं दत्तकपत्र निघालं तर गोष्ट वेगळीच, म्हंजे कुणी तरी बाळ थेट हातात दिलंय, आणि मग देणाऱ्याचं नाव त्यावरच असतं. तेव्हा तो कागद उघडताना एकटी असू नकोस, मिस्टरांना बरोबर घे.

दुसरीकडून ‘कारा’कडे अर्ज. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, १९९० पासून आहे. अठरा वर्षांच्या वरचं माणूस मूळ शोधायचा अर्ज एकट्यानं ऑनलाईन करू शकतं, आईची सही लागत नाही (अठराच्या खालच्यांना आईवडिलांबरोबर करावा लागतो). अर्जाबरोबर दत्तकाचा जो कागद असेल तो लागेल, म्हणून परत कपाटाकडेच यावं लागतं. ऑनलाईन जमत नसेल तर सोलापुरात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, महिला व बाल विकास विभागाचा, तिथं जा. या कामात मदत करणं हे नियमानं त्यांचं काम आहे, उपकार नाही, आणि कुणी ‘आता कशाला’ म्हणालं तर लेखी अर्ज देऊन पोच घे. संस्था बंद पडली असेल तर तिच्या फायली कुठे गेल्या हेही तिथंच विचारायचं.

फायलीत काय निघेल हे दोन गोष्टींवर आहे. बाळ कुठे तरी सापडलं असेल तर पोलिसांचा कागद असतो, कुठल्या ठिकाणी, कधी, अंगावर काय होतं, वजन किती होतं, आणि तेव्हाच्या ज्युवेनाईल वेल्फेअर बोर्डाचा आदेश, आता त्या जागी बाल कल्याण समिती असते. अशा फायलीत नाव नसतं, आणि इथं बरीच माणसं खचतात, त्यासाठी तू आतापासून तयार राहा. पण बाळ सांगून, सही करून सोपवलेलं असेल तर देणाऱ्याचं नावगाव असतं, कारण असतं. त्या बाईनं तेव्हा माझं नाव सांगू नका असं लिहून दिलं असेल तर आधी तिची संमती विचारतात. ती नाही म्हणाली, किंवा सापडलीच नाही, तरी तुला कुठल्या परिस्थितीत आणि का सोपवलं ते सांगायला लागतं, ते कुणी अडवू शकत नाही. मला तुला हेच सगळ्यात नीट सांगायचंय. तुझी गोष्ट तुझी आहे, ती मागताना मान खाली घालायची नाही. ती बाई मात्र तुझ्या हक्कात येत नाही, तिनं भेटायचं का नाही हे तिचं तिनं ठरवायचं. हे दोन्ही मनात वेगळं ठेवलंस तर नकार आला तरी तू रिकाम्या हातानं परत येणार नाहीस.

तेलुगूचं विचारलंस. आपल्याकडे पद्मशाली विणकर तेलंगणातून येऊन पिढ्या झाल्या, कानडी बोलणारी घरंही भरपूर आहेत, मराठी माणूस दुकानात दोन्हीतलं थोडं थोडं बोलतो, त्यामुळं चेहरा बघून या गावात कुणालाही कुणीही समजतात. ते खरं असेल, नसेल. डीएनए टेस्टचा विचार डोक्यात आलाच असेल तर सांगते, ती टेस्ट तुझी जात किंवा भाषा सांगत नाही, आणि नातेवाईक तेव्हाच सापडतात जेव्हा त्यांनीही त्याच कंपनीकडे टेस्ट केलेली असेल, आपल्याकडे किती जणांनी केलीये? पैसे गेल्यावर हाताशी फार काही राहत नाही. पण तुला हे जाणून घ्यावंसं वाटतं यात काही वाकडं नाही. आरशात बघताना हे नाक कुणाचं असा प्रश्न बाकीच्यांना पडत नाही कारण त्यांच्या घरात उत्तर जेवायला बसलेलं असतं.

आता आई. ती ‘काय कमी केलं’ म्हणते त्याचं उत्तर ‘काहीच नाही’ हेच आहे, ते तिला आधी सांग, मोठ्यानं सांग, दोनदा सांग. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली बाई आहे ती, तिला वाटतंय आता ही पण जाणार. तिला हेही सांग की कायद्यानं एकदा झालेलं दत्तक मोडता येत नाही, तिला नाही आणि तुलाही नाही, बाबांच्या पश्चात जे तुझं आहे ते तुझंच आहे, कुणी काका-आत्या त्यात काही करू शकत नाहीत. आणि तो कागद ती नसताना काढून बघू नकोस, कितीही मन झालं तरी, कारण त्या कागदापेक्षा मोठी माहिती तिच्याकडे आहे. तुला आणलं त्या दिवशी गाडी कुठली होती, किती तास लागले, बाळ कुणी हातात दिलं, त्या बाईनं काही सांगितलं का, तुझ्या अंगावर काय होतं, पहिल्या रात्री तू झोपलीस का. हे जगात आता तिला एकटीला माहितीये. शोधायचंय असं म्हणूच नकोस आधी, नुसतं म्हण की आई, मला बाळ होणारे, मी घरी आले त्या दिवसाचं सांग ना. माझा अनुभव असा की अशा आया सुरुवातीला उठून जातात, मग दोन दिवसांनी भांडी घासता घासता स्वतःच बोलायला लागतात. ती बोलायला लागली की मधे प्रश्न विचारू नकोस, ऐक, आणि नंतर खोलीत जाऊन लिहून ठेव.

अर्ज बाळंतपणाआधी करायचा की नंतर हे तू ठरव. मी असते तर आता कागद बघितला असता, आणि अर्ज बाळ चार-सहा महिन्यांचं झाल्यावर केला असता, कारण उत्तर काहीही आलं तरी ते झेलायला झोप झालेली असावी लागते.

प्रश्न : मी बार्शीहून लिहितोय. आम्ही दोन वर्षांपूर्वी काराकडून मुलगी दत्तक घेतली, ती आता चार वर्षांची आहे. आम्हाला तिला सांगायचंय पण माझी आई म्हणते लग्न होईपर्यंत तोंडातून काढायचं नाही. केव्हा सांगावं?

उत्तर : आत्ताच सांगायला लागा, आणि एकदाच बसवून नाही, येता जाता. वरचं पत्र वाचा, नववीतल्या मुलीला भांडणात कळलं, आणि तुमच्या आईला पण वाचून दाखवा. बार्शीत हे लपून राहणार नाही, तुम्ही नाही सांगितलं तर शाळेतलं कुणी सांगेल. चार वर्षांच्या मुलीला ‘तू एका ताईच्या पोटातून आलीस, मग आम्ही तुला घ्यायला आलो’ एवढं पुरतं, ती पुढचं स्वतः विचारेल. लाजेची गोष्ट म्हणून सांगू नका. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा घेतला, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, तो कुणाचा मुलगा हे कधी लपवलं नाही त्यांनी, आणि ती गोष्ट १८७४ ची आहे. अजून एक, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, संस्थेनं दिलेला बाळाचा अहवाल, मेडिकल, पहिला फोटो, हे सगळं एका फायलीत घालून फायलीवर तिचं नाव लिहा. ती फाईल तिची आहे.

प्रश्न : नाव गाव छापू नका. १९९६ साली मी लग्नाआधी एक मुलगा संस्थेत दिला. सही केली होती. आता मला दोन मुलं आहेत, घरात कुणाला माहीत नाही. मला त्याला त्रास द्यायचा नाही. फक्त बरा आहे का एवढं कळेल का?

उत्तर : ताई, नियमात शोध घ्यायचा हक्क मुलाला आहे, आईला नाही, त्यामुळं तो कुठे आहे हे संस्था तुम्हाला सांगू शकत नाही. मला हे लिहिताना जड जातंय पण खोटी आशा देणार नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. तेव्हा नाव गुप्त ठेवा असं लिहून दिलं असेल आणि आता तुमचं मत बदललं असेल तर संस्थेला, नाही तर बाल कल्याण समितीला लेखी द्या की मुलानं कधी विचारलं तर माझी हरकत नाही, आणि ते त्याच्या फायलीत लावायची विनंती करा. मत बदललं नसेल तर तसंही ठीक आहे, तेव्हाचा शब्द आजही पाळला जातो. दोन्ही बाबतीत एक पत्र ठेवा त्याच्यासाठी. तुमच्याकडे आणि त्याच्या वडिलांकडे शुगर, हार्ट, कॅन्सर, कुठलं दुखणं आहे ते लिहा, वरच्या पत्रातल्या मुलीला नेमकं तेच हवंय. का दिलं ते तुमच्या शब्दांत लिहा, छान लिहायच्या मागे लागू नका. घरचा पत्ता किंवा घरातला फोन देऊ नका, फक्त तुम्हीच उचलाल असा नंबर द्या, आणि नंबर बदलला की परत कळवा. पत्राची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा, घरात ठेवणं शक्य नसेल तर विश्वासाच्या मैत्रिणीकडे, आणि देताना तारखेची पोच घ्या.